चावी कशी हरवली ते लिहा

दोन वर्षांपूर्वीचा मार्च, महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. ठरलेली रक्कम दोन हजार आठशे रुपये. हजर माणसं दोन, मी आणि बाऊजी. माझी पत्नी हजर नव्हती. असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाऊजी म्हणजे चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, झाडाखाली टेबल मांडून गाड्यांच्या चाव्या बनवणारे एक सरदारजी. वय सत्तरीच्या आसपास, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. पुढे मी त्यांच्याकडे नुसता गप्पांनाही जाऊन बसायचो, तरी त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. सगळा बाजार बाऊजी म्हणायचा, मीही म्हणू लागलो. आता ते टेबल तिथे नाही. ते मुलीकडे पतियाळ्याला राहायला गेले, असं समोरच्या शिंप्याने सांगितलं. तिथेही त्यांनी झाड शोधलं असणार याची मला खात्री आहे.

मी एका संशोधन संस्थेत हिशेब विभागात काम करतो. मूळचा साताऱ्याचा, पण चंदीगडात एकवीस वर्षं झाली. कोणतीही वस्तू घेताना तीन ठिकाणचे दर विचारल्याशिवाय मी घेत नाही. आमच्या पांढऱ्या गाडीच्या दोन चाव्यांपैकी एक हरवली, तेव्हाही मी दर काढले. शोरूमने करासकट दहा हजार आठशे छप्पन सांगितले, शिवाय बारा दिवस थांबायचं. सेक्टर सतराच्या एका दुकानात बिलाशिवाय साडेपाच हजार, बिलासकट सहा हजार चारशे नव्वद. बाऊजींना मी फोन केला, तर त्यांनी दर सांगितलाच नाही. "फोन पे नब्ज नहीं देखते जी, गाडी लेके आओ," म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी घेऊन गेलो. त्यांनी माझ्या हातातली एकुलती एक चावी घेतली, उलटीपालटी केली, नखाने तिचे दात चाचपले आणि म्हणाले, "अठ्ठाईस सौ."

"कैसे?" मी विचारलं. माझ्या या प्रश्नावर दुकानदार सहसा चिडतात. बाऊजी खुलले.

"कोरी चाबी और चिप, ग्यारह सौ. दाँत काटने के तीन सौ. गाडी से जान-पहचान करवाने के नौ सौ."

"तेईस सौ हुए. बाकी पाँच सौ?"

"वो मेरे चुप रहने के."

ते काय ते थोड्या वेळाने समजलं. आजकालच्या चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते. दात जुळले तरी गाडीला त्या चिपची ओळख पटावी लागते, नाहीतर इंजिन क्षणभर घुरघुरतं आणि बंद पडतं. ही ओळख करून द्यायला बाऊजी लॅपटॉप वापरायचे. तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला असायचा. अभ्र्यावर लाल-पिवळं भरतकाम. ते त्याला दोन्ही हातांनी बाहेर काढायचे, वायर गाडीच्या स्टिअरिंगखाली जोडायचे आणि मग अकरा मिनिटं कोणी बोलायचं नाही असा दंडक होता. गाडीला टेकायचं नाही. फोन बंद. स्वतः बाऊजी, ज्यांची जीभ एरवी यंत्रापेक्षा जास्त चालायची, तेही ओठ मिटून उभे. समोरचा शिंपीसुद्धा मशीन थांबवायचा. अकरा मिनिटं झाली, चावी फिरली, इंजिन सुरू झालं की ते मोठा श्वास सोडून म्हणायचे, "ग्यारह मिनट! पंजाबी आदमी से पाँच सौ में कोई और करवा के दिखा दो."

एखादी गाडी पहिल्या खेपेला ऐकत नसे. तेव्हा ते यंत्राला दोष देत नसत. "शरमा रही है," म्हणायचे, आणि लॅपटॉप बंद करून चहा मागवायचे.

बावीस वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांमधली लोखंडी कपाटं उघडण्याचं काम केलं होतं. कुठल्या खात्यातल्या कपाटात काय निघालं याच्या गोष्टी त्यांच्याकडे ढिगाने होत्या. सीलबंद कपाटात निवडणुकीच्या कागदांखाली लोणच्याची बरणी निघाली, ही त्यातली एक. लॅपटॉप ते अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. मुलीने शिकवलं. "फीस ली उसने," ते अभिमानाने सांगत, "छोडी नहीं."

जड कीचेनशी त्यांचं वैर होतं. टेबलावर सोनाराचा असतो तसला छोटा वजनकाटा ठेवलेला. चावी आली की आधी काट्यावर. चाळीस ग्रॅमच्या वर गेली की पक्कड घेऊन कीचेन काढून टाकायचे, विचारायचेसुद्धा नाहीत. झाडाला बांधलेल्या तारेवर अशी काढलेली कीचेनं लटकत असत. फुटबॉल, देव, चिमुकले बूट, बाटल्या उघडायचे आकडे. एकदा माझ्यासमोर एका फौजी अधिकाऱ्याची चावी आली, तिला पितळेचा चांगला मूठभर ठोकळा.

"कर्नल साब, ये चाबी है या तोप?"

"बाऊजी, यादगार है यार, पलटन की."

"तो घर में सजाओ. इग्निशन की कमर क्यों तोडते हो?"

कर्नलसाहेब निमूटपणे ठोकळा खिशात घालून गेले. इतरांची कीचेनं तारेवर जायची, पलटणीचं बाऊजींनी परत दिलं. एवढा भेद ते करत.

आरसी आणि लायसन्स पाहिल्याशिवाय ते चावीला हात लावत नसत. एक मोठ्या गाडीवाला आला, कागद घरी राहिले म्हणाला, दहा हजार देतो म्हणाला. बाऊजी म्हणाले, "तो घर हो आओ जी, मैं यहीं बैठा हूँ." तो पुन्हा आला नाही. "अपनी होती तो लौटता," बाऊजी मला म्हणाले. मला ही गोष्ट फार आवडली होती. पुढे शिंप्याकडून कळलं की त्यांनी स्वतःच्या जावयालाही याच कारणावरून परत पाठवलं होतं, आणि जावई लायसन्स आणायला पतियाळ्यापर्यंत जाऊन आला होता.

कागद तपासले की रजिस्टर. लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, आत गुरुमुखीतले रकाने. गाडीचा नंबर, लायसन्सचा नंबर, आणलेल्या चाव्या किती, आणि शेवटचा रकाना, चावी कशी हरवली. हा शेवटचा रकाना कोणत्याही कायद्यात नाही. तो बाऊजींचा होता. गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, बाऊजींनी लिहायचं, गिऱ्हाइकाने सही करायची. फुरसत असली की ते जुन्या नोंदी वाचून दाखवत. "साले की बारात में नाचते हुए. सुखना झील में, फोटो खींचते हुए. भैंस के चारे में. ये देखो, बीवी ने गुस्से में फेंकी, कहाँ फेंकी, बता नहीं रही."

त्या शनिवारी माझी पाळी आली.

"घर में और कोई चाबी?" बाऊजींनी विचारलं. आमच्या गाडीचं असं आहे की नवी चावी ओळखवताना सगळ्या चाव्या एकाच वेळी हजर लागतात. जी हजर नसेल तिची ओळख गाडी विसरते. मग ती नुसता लोखंडाचा तुकडा.

"नहीं."

"अच्छी तरह सोच लो जी."

"दूसरी खो गई है. नौ महीने हुए."

"पक्का?"

"पक्का."

"कैसे खोई?"

मी म्हणालो, "पत्नी ने खो दी." त्यांनी लिहिलं. मी सही केली.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझ्या लेखी ते सिद्ध झालेलं होतं. माझी पत्नी सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स आहे. आम्ही राहतो झिरकपूरला. मी ऑफिसच्या बसने जातो, त्यामुळे गाडी जास्त करून तिचीच. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये एक दिवस फ्रिजशेजारच्या हुकावर दुसरी चावी दिसली नाही. मी तपास केला. शेवटची कोणी वापरली? तिने. कुठे ठेवली?

"हुकावर," ती म्हणाली.

"हुकावर नाहीये."

"मी हुकावरच लावली होती."

"लावली असतीस तर असती."

हे बोलणं तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अहो, मी रोज पेशंटचं पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे आणि चिमटे मोजते. एक कमी भरला तर सर्जनला थांबवते. आणि मी चावी हरवेन?"

"हरवली तर आहे."

"ठीक आहे. माझ्याकडून हरवली. आता तुमची गाडी तुम्हीच सांभाळा. मी हात लावणार नाही."

आणि खरंच लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षाने जाऊ लागली. दहा-दहा तास उभं राहून ड्युटी करायची आणि मग झिरकपूरच्या चौकातल्या गर्दीत शेअर रिक्षात चौथी म्हणून बसून यायची. चार दिवसांत राग उतरेल असं मला वाटलं होतं. राग नव्हताच, त्यामुळे उतरला नाही. ती माझ्याशी नीट बोलत होती, हसत होती, फक्त गाडी चालवत नव्हती. इतकी वर्षं सफाईने गाडी चालवणारी बाई रविवारी बाजारातही माझ्या शेजारी बसून येई, आणि मी गियर चुकीचा टाकला तरी बोलत नसे. ते बोलत नसणं मला जास्त लागत होतं. म्हणून तर मी चावी करायला घेतली. नवी चावी हातात आली की ती पुन्हा गाडी घेईल असा माझा हिशेब.

त्या शनिवारी दुपारी मी बाऊजींकडून घरी गेलो आणि नवी चावी तिच्यासमोर धरली. शोरूमपेक्षा आठ हजार छप्पन रुपये वाचले हेही सांगितलं.

"छान झालं," ती म्हणाली. "कपाटात ठेवा."

"तुझ्यासाठी केलीय."

"नको. हरवली तर?"

आमची मुलगी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. सोफ्यावरूनच म्हणाली, "पापा, सॉरी बोल दो ना. सिंपल."

"कशाबद्दल सॉरी? चावी मी हरवलीय का?"

"वही तो," ती म्हणाली आणि कानात इअरफोन घातले.

मे महिन्यात मी सेक्टर सतरामधल्या बँकेत गेलो. मुदत ठेवीच्या पावत्या लॉकरमध्ये ठेवायच्या होत्या. डबा बाहेर ओढला. दागिन्यांच्या डबीखाली एक खाकी लिफाफा होता. त्यावर निळ्या शाईत, ठळक अक्षरात लिहिलं होतं, "गाडीची जादा चावी. नग एक." खाली आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली तारीख. खाली माझी सही.

मग सगळं आठवलं. आम्ही भाच्याच्या लग्नाला आठ दिवस साताऱ्याला जाणार होतो. सोसायटीत कोणीतरी म्हणालं होतं की बंद घरात गाडीची जादा चावी ठेवू नये, चोर गाडीही नेतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी ती हुकावरून काढून दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये ठेवली. लॉकरमधल्या वस्तूंची यादी मी करतो. त्या यादीत अकराव्या क्रमांकाला ती चावी होती. यादी हरवू नये म्हणून मी यादीही लॉकरमध्येच ठेवतो.

बराच वेळ मी बाहेर आलो नाही म्हणून बँकेतली बाई डोकावली. "सर, सब ठीक है? कुछ कम है क्या?"

"एक चीज ज्यादा निकली है," मी म्हणालो.

गाडीत बसून ती चावी लावून पाहिली. इंजिन घुरघुरलं आणि बंद पडलं. मार्चमध्ये मी "पक्का" म्हणालो होतो, तेव्हाच गाडी तिला विसरली होती.

खरं लिहायचं तर पंधरा मिनिटं मी एक विचार केला. चावी बाऊजींकडून गुपचूप जिवंत करून घ्यायची आणि घरी फ्रिजच्या मागे टाकायची. मग आपणच शोधायची. "बघ, पडली होती." तिचंही खोटं नाही, माझंही नाही. असा विचार करत मी सेक्टर बावीसला पोचलो आणि बाऊजींसमोर लिफाफा ठेवला. त्यांनी चावी पाहिली, मग लिफाफ्यावरचं अक्षर. मग रजिस्टर उघडून मार्चच्या पानावरची माझी सही. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या.

"दस्तखत बढिया है आपका," म्हणाले. "दोनों जगह एक जैसा."

"बाऊजी, इसको चालू कर दीजिए."

"कर दूँगा. पर जिसका नाम मेरे रजिस्टर में चढा है, उसको साथ लाओ."

"ये कौन सा नियम है?"

"आज से है जी."

मी खूप बोललो. तिला रविवारचीच सुट्टी असते, काम माझं आहे, पैसे मी देतोय. बाऊजींनी कोणाची तरी स्कूटरची चावी घासायला घेतली.

घरी ती भाजी निवडत होती. मी लिफाफा टेबलावर ठेवला. तिने वाचलं. हात पुसले, पुन्हा वाचलं.

"कुठे होता?"

"लॉकरमध्ये."

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तारीख?"

"लग्नाला निघायच्या आदल्या दिवशीची." मग मी म्हणालो, "चुकलं माझं."

मुलीने कानातले इअरफोन काढले.

पत्नी लिफाफ्याकडे बघून हसायलाच लागली. "नग एक," ती म्हणाली. "नग एक! अहो, चावी आहे ती, काय पोती आहेत का?" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, संपलं. सुटलो.

रविवारी तिला घेऊन बाऊजींकडे गेलो. गाडी मीच चालवली, ती शेजारी. बाऊजींनी तिला स्टूल दिलं, लिंबूपाणी मागवलं, आणि रजिस्टर उघडून वाचून दाखवलं, "पत्नी ने खो दी."

तिचं हसू गेलं.

"तुम्ही हे लिहून दिलंत?" ती मला म्हणाली. मराठीत, हळू आवाजात. "परक्या माणसाच्या वहीत? सहीसकट?"

"त्यांचा रकाना आहे तो, भरावा लागतो."

"मग 'माहीत नाही' असं भरता येत नव्हतं? घरात म्हणालात ते म्हणालात. मी रिक्षाने जात होते, आणि इथे बाजारात माझ्या नावावर चावी चढवून ठेवली होतीत?"

"माहीत नाही" हे दोन शब्द मला त्या दिवशी सुचलेच नव्हते. शिंप्याचं मशीन थांबलं होतं. बाऊजींना मराठी येत नव्हती, पण एवढं समजायला ती लागतही नव्हती. त्यांनी कानामागचं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"काट दो बेटा. जो सच है, लिख दो."

तिने ती ओळ खोडली. सरळ, एका रेघेत, केसपेपरवर खोडतात तशी. वर लिहिलं आणि सही केली. बाऊजींनी चष्मा सारखा करत एकेक अक्षर लावून वाचलं, "हरवली नव्हती. नवऱ्याने नीट ठेवली होती."

"मतलब?"

"खोई नहीं थी," ती म्हणाली. "पति ने संभाल के रखी थी."

बाऊजी इतके हसले की चष्म्याची तार सुटली. "संभाल के रखी थी! ओ जी, चालीस साल में ये पहली बार आया है!" मग शिंप्याला ओरडून सांगितलं. शिंप्याने पलीकडच्या पंक्चरवाल्याला सांगितलं. मी लिंबूपाणी पीत राहिलो.

मग अभ्र्यातून लॅपटॉप निघाला. आता तिन्ही चाव्या एकदम हजर लागणार होत्या. बाऊजी मला विचारणार, तेवढ्यात तिने टेबलावरचं फडकं झटकलं, दुहेरी घडी घातली आणि तीन चाव्या ओळीने मांडल्या. बोट ठेवून मोजल्या, "एक, दोन, तीन." बाऊजी हात पुढे करायचे आणि ती एकेक चावी त्यांच्या तळहातावर ठेवायची, मुठीकडची बाजू त्यांच्याकडे. वापरून झाली की पुन्हा फडक्यावर, पुन्हा मोजणी. अकरा मिनिटं गल्लीत कोणी बोललं नाही. तिन्ही चाव्यांनी इंजिन सुरू झालं.

"बेटा, मेरे पास नौकरी कर लो," बाऊजी म्हणाले.

"पेन्शन दोगे?"

"नहीं जी."

"फिर नहीं."

बाऊजींनी साडेतीनशे मागितले. चुप्पीचे या वेळी लावले नव्हते, आणि ओळखीच्या नऊशेतही सूट होती. मी पाकीट काढलं, पण तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या पर्समधून पाचशेची नोट दिली. दीडशे परत घेतले. लॉकरमधून आलेली जुनी चावी उचलली, माझ्या रोजच्या वापरातली नाही, नवीही नाही, ती जुनीच, आणि गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. सीट पुढे ओढली, आरसे लावले. मी डावीकडे बसलो. अकरा महिन्यांनी ती गाडी चालवत होती, आणि पहिल्याच वळणावर मला म्हणाली, "क्लच काय करून ठेवलाय तुम्ही?"

ते ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही.

झिरकपूरच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. लाल दिव्याचे आकडे उलटे मोजत होते, एकशे चौदा, एकशे तेरा. तिने समोर बघतच विचारलं, "रिक्षाचे रोजचे एकशे दहा. महिन्याला चोवीस दिवस. अकरा महिने. गुणाकार करा."

दिवा हिरवा व्हायच्या आत मी केला. त्याच संध्याकाळी एकोणतीस हजार चाळीस रुपये माझ्या खात्यातून पत्नीच्या खात्यात भरले.